कॅज्युअल्टीतील प्रतीक्षा आणि वॉर्डातील खाट

शासकीय आणि महापालिकेच्या रुग्णालयांतील अपघात विभागात, ज्याला आपण सर्वजण कॅज्युअल्टी म्हणूनच ओळखतो, रुग्णाला घेऊन आलेल्या मंडळींची पहिली तक्रार बहुधा अशी असते की, आम्ही तासभर आधी येऊनही आमच्यामागून आलेल्या माणसाला डॉक्टरांनी आधी हात लावला. ही तक्रार मनुष्यस्वभावाला धरूनच आहे. परंतु येथील क्रम जिवाला असलेल्या धोक्यावरून लागतो. जखमी सैनिकाच्या हुद्द्याचा मुलाहिजा न ठेवता त्याच्या जखमेवरून उपचारांचा क्रम लावण्याचा दंडक नेपोलियनच्या सैन्यातील शल्यचिकित्सक डॉमिनिक लॅरे यांनी घालून दिला, आणि आजही रुग्णाला लाल, पिवळ्या वा हिरव्या गटात घालण्यामागे तेच तत्त्व आहे. छातीत दुखणाऱ्या रुग्णाचा ईसीजी तो दारात आल्यापासून 10 मिनिटांत निघाला पाहिजे, आणि पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत दिले गेले पाहिजे. अशा वेळी पाय मुरगळलेल्या रुग्णाला थांबवण्यावाचून डॉक्टरांना गत्यंतर नसते. मात्र थांबलेल्या रुग्णाला धाप लागली, तो गुंगू लागला किंवा त्याला दरदरून घाम फुटला, तर नंबराची वाट न पाहता सिस्टरांना तत्काळ सांगावे, कारण प्रकृती बदलली की गटही बदलतो.

तथापि क्रम कितीही न्याय्य असला, तरी रात्री दहाच्या सुमारास बोळात एकामागून एक स्ट्रेचर लागलेली असावीत, आणि सलाईनची बाटली स्टँडअभावी कोणा भावाने हात भरून येईपर्यंत उंच धरून ठेवावी, या स्थितीचे समर्थन कोणत्याही डॉक्टरला करता येणार नाही. डॉक्टर अपुरे आहेत आणि किरकोळ दुखण्यांची गर्दी मोठी आहे, ही दोन्ही कारणे खरीच. परंतु माझ्या मते या खोळंब्याचे मूळ दारात नसून वरच्या मजल्यांवरील वॉर्डांत आहे. रुग्ण तपासला गेला, निदान झाले, भरतीचा कागदही तयार झाला, पण वॉर्डात खाट रिकामी नाही, म्हणून तो कॅज्युअल्टीतच पडून राहतो. त्याची खाट, त्याचा ऑक्सिजन, त्याच्याकडे पाहणारी परिचारिका हे सारे अडकते, आणि मोरी तुंबली की पाणी उंबऱ्यापर्यंत यावे तशी रांग दरवाजाबाहेर जाते. इंग्लंडमध्ये रुग्णाचा निकाल चार तासांत लावण्याचे फर्मान सरकारने काढले, पण 95 टक्के रुग्णांच्या बाबतीत ते पाळण्याचे उद्दिष्ट जुलै 2015 नंतर तेथे गाठले गेलेले नाही, आणि वॉर्डांतील भरलेल्या खाटा हे त्याचे एक प्रमुख कारण आहे.

आता आपल्याकडील एका खाटेचा दिवस पाहा. सकाळच्या राउंडला मोठे डॉक्टर रुग्णाला घरी जाण्याची परवानगी देतात. निवासी डॉक्टर डिस्चार्ज कार्ड लिहिणार, तोच त्याला शस्त्रक्रियागृहातून बोलावणे येते. कार्ड दुपारी तयार होते, मग औषधे, मग बिलाच्या कारकुनाचा शिक्का, आणि तोवर गावाकडून निघालेला मुलगा एसटीतून उतरायचा असतो. संध्याकाळी सहाला खाट मोकळी होते, आणि तिच्यासाठी सकाळी अकरापासून थांबलेली वृद्धा खाली स्ट्रेचरवरच असते. बऱ्या झालेल्या माणसाची घरी रवानगी दुपारच्या आत करण्याची तजवीज रुग्णालयांनी आदल्या दिवशीच केली पाहिजे, रविवारीही केली पाहिजे, आणि ही जबाबदारी एका ठरावीक अधिकाऱ्यावर सोपवली पाहिजे. नवी इमारत बांधण्याइतका खर्च याला लागत नाही. लागतो तो निर्धार, आणि त्याच्या अभावी होणारी दिरंगाई मला अक्षम्य वाटते.

वाचकांच्या हाती असलेल्या गोष्टीही थोड्या नाहीत. राज्यात 2014 साली सुरू झालेल्या 108 क्रमांकाच्या रुग्णवाहिका विनामूल्य आहेत आणि त्यांत डॉक्टर असतो. छातीतील कळ, वाकडे झालेले तोंड, सर्पदंश, मोठा अपघात यांत खासगी गाडी शोधण्यात वेळ न दवडता प्रथम तो क्रमांक फिरवावा. चार दिवसांचा खोकला, जुनी कंबरदुखी किंवा पट्टी बदलणे यांसाठी मात्र जवळचे आरोग्य केंद्र वा दवाखाना गाठावा. जुने केसपेपर आणि चालू गोळ्यांची पाकिटे एका पिशवीत घालून घरात ठरलेल्या जागी ठेवावीत. रुग्ण शेवटचा ठीकठाक कधी दिसला ती वेळ नेमकी सांगावी, कारण पक्षाघातात सारा हिशेब त्या वेळेपासून होतो. दोघे आले असल्यास एकाने रुग्णाजवळ राहावे, दुसऱ्याने केसपेपर काढावा. अपघाताची केस असली, तरी पोलिसांच्या नोंदीसाठी उपचार तहकूब ठेवता येत नाहीत, असा स्पष्ट निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्ये दिलेला आहे. तो ठाऊक असू द्यावा.

आणि आपला माणूस भरती झाला की दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांना विचारावे, "साधारण कोणत्या दिवशी घरी सोडाल?" तो दिवस कळला, की गाडी, पैसे आणि घरची व्यवस्था आधीच लावता येते, आणि सुटीच्या दिवशी सकाळीच हजर राहता येते. ज्या रुग्णाला न्यायला कोणीच नाही, किंवा ज्याच्या घरी त्याची शुश्रूषा करणारे माणूस नाही, त्याच्यासाठी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक असतात. त्यांच्याकडे सुटीच्या दिवशी धाव घेण्यापेक्षा भरतीच्या दुसऱ्या दिवशीच जाऊन आपली अडचण सांगावी.