बाळ फिरू लागलं का? पोटातली हालचाल ओळखताना आणि जपताना

पहिलटकरणीला पाचवा महिना लागला की घरात येणारी-जाणारी प्रत्येक बाई विचारते, "बाळ फिरायला लागलं का गं?" तिला अजून काहीच जाणवलेलं नसतं. मोठ्या जावेला म्हणे चौथ्यातच कळलं होतं. मग रात्री पोटावर हात ठेवून वाट बघणं सुरू होतं, आणि वाट बघता बघता काळजीही.

ती काळजी बहुतेक वेळा फक्त हिशेबातल्या फरकामुळे असते. घरात महिने मोजतात, दवाखान्यात आठवडे, तेही शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. पाचवा लागला म्हणजे चार महिने पुरे झाले, साधारण सतरा-अठरा आठवडे. हालचाल पहिल्यांदा जाणवण्याचा काळ मात्र 16 ते 24 आठवडे इतका ऐसपैस आहे. पहिल्या खेपेला बहुतेकींना अठराव्या ते विसाव्या आठवड्याच्या आसपास, काहींना त्याहून उशिरा कळतं. दुसऱ्या खेपेला सोळाव्या आठवड्यातही कळू शकतं, कारण ती जाणीव आता ओळखीची झालेली असते. बाळ त्याच्या कितीतरी आधीपासून हलत असतं. आठव्या आठवड्याच्या सुमाराला ते सोनोग्राफीत दिसतंही. पण त्या वयात ते एवढं लहान असतं की त्याचा धक्का आईपर्यंत पोचत नाही.

म्हणून सगळ्यात आधी आपला आठवडा नीट माहीत करून घ्या. फाईलवर किंवा माता-बाल संरक्षण कार्डावर शेवटच्या पाळीची तारीख आणि प्रसूतीची अंदाजे तारीख लिहिलेली असते. आठवडा कळत नसेल तर आशाताईंना किंवा नर्सताईंना विचारा, त्या लगेच काढून देतील.

दुसरी गोष्ट सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये बघायची. अठरा ते वीस आठवड्यांत जी मोठी सोनोग्राफी होते, तिच्यात वार कुठे आहे ते लिहिलेलं असतं. तिथे 'अँटिरिअर' असं असेल तर वार गर्भाशयाच्या पुढच्या भिंतीला आहे. बाळाच्या आणि तुमच्या पोटाच्या मध्ये ती येते, त्यामुळे सुरुवातीच्या हालचाली उशिरा आणि पुसट जाणवतात. वार पुढे असणं हे आजारपण नाही. पण हे माहीत असलं की जावेशी तुलना करून जीव टांगणीला लागत नाही.

आता प्रत्यक्ष ओळखायचं कसं? रात्रीचं जेवण झाल्यावर लघवीला जाऊन या. मोबाइल दूर ठेवा आणि कुशीवर, शक्यतो डाव्या, आडव्या व्हा. हात बेंबीच्या खाली ठेवा. विसाव्या आठवड्यात गर्भाशय जेमतेम बेंबीपर्यंत आलेलं असतं, त्यामुळे बेंबीच्या वर शोधून काही सापडणार नाही. वीस मिनिटं नुसतं लक्ष द्या. दिवसभर उभ्यानं काम करणाऱ्या बाईला, मग ती शेतात असो की दुकानात, हालचाल कमी जाणवते. बसल्यावर थोडी जास्त कळते, आडवं पडल्यावर सगळ्यात जास्त. शिवाय दुपारनंतर आणि संध्याकाळी बाळं अधिक हलतात.

पहिल्यांदा जे जाणवतं ती लाथ नसते. ओंजळीतल्या पाण्यात मासोळीनं शेपूट हलवावं, इतकंच. म्हणूनच पुष्कळजणी त्याला गॅस समजतात. गॅस असेल तर गुडगुड होते, ती पोटात पुढे सरकत जाते आणि वारा सरला की थांबते. बाळाची हालचाल अचानक, एका जागी होते, आणि थोड्या वेळानं त्याच जागेच्या आसपास पुन्हा होते. उताणं झोपल्यावर पोटात एकसारखं ठकठक लागलं, तर दुसऱ्या हाताची नाडी बघा. दोन्ही ठोके जुळले तर ती तुमचीच रक्तवाहिनी आहे.

एकदा जाणवलं म्हणून दुसऱ्या दिवशी जाणवेलच असं नाही. 24 आठवड्यांपर्यंत हा लपंडाव चालतो. या काळात मोजत बसू नका. नवऱ्याला किंवा सासूबाईंना पोटावर हात ठेवून कळायला तर आणखी काही आठवडे जावे लागतात. पण 24 आठवडे म्हणजे साडेपाच महिने पुरे झाले आणि तरीही एकदाही काही जाणवलं नाही, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा. ते ठोके ऐकतील, गरज वाटली तर सोनोग्राफी करतील.

पोट उजवीकडे हललं की मुलगा, डावीकडे हललं की मुलगी, असंही घरात कुणीतरी म्हणतंच. बाळाचे हातपाय ज्या बाजूला, तिकडे ते जाणवतं. त्यापलीकडे त्याला काही अर्थ नाही.

मोजण्यापेक्षा ओळख मोठी

28 आठवड्यांपर्यंत प्रत्येक बाळाची स्वतःची रीत बसू लागते. एखादं रात्री दहाला जागं होतं, एखादं आई जेवली की ढोसतं. मध्ये वीस ते चाळीस मिनिटं ते झोपतं आणि तेव्हा हलत नाही. ही झोप नव्वद मिनिटांपेक्षा जास्त सहसा लांबत नाही. एकसारखे, ठरावीक अंतरानं बारीक झटके जाणवले तर ती बाळाची उचकी. ती हालचालीत धरायची नाही.

बरेच डॉक्टर या टप्प्यावर रोज मोजायला सांगतात. एक पद्धत अशी: सकाळी, दुपारी आणि रात्री जेवणानंतर एकेक तास मोजायचं, तिन्हींची बेरीज करून चारनं गुणायचं. म्हणजे बारा तासांचा अंदाज मिळतो आणि तो दहाच्या खाली नसावा. तुमच्या डॉक्टरांनी जी पद्धत सांगितली असेल तीच पाळा. पण आकडा पुरा भरला आणि तरी तुम्हाला वाटतंय की आज बाळ नेहमीसारखं नाही, तर स्वतःच्या वाटण्यावर विश्वास ठेवा. रोज तासाला वीसदा हलणारं बाळ आज चारदाच हललं, तर कागदावर ते बसत असेलही. तुमच्या बाळासाठी तो बदल आहे, आणि बघायचा तो बदलच.

"आता जागा उरली नाही, म्हणून हलत नाही"

हे वाक्य आठव्या-नवव्या महिन्यात प्रत्येक घरात ऐकू येतं, आणि मायेनंच म्हटलेलं असतं. पण ते खरं नाही. साधारण 32 आठवड्यांपर्यंत हालचाली वाढत जातात, पुढे तितक्याच राहतात. शेवटी त्यांची तऱ्हा बदलते. लाथेऐवजी कूस बदलल्यासारखं, पोट एका बाजूला ताणल्यासारखं जाणवतं. पण हालचाल कमी होत नाही. अगदी कळा सुरू झाल्यावरही बाळ हलत असतं.

बाळाला रक्तपुरवठा किंवा प्राणवायू कमी पडू लागला की ते शक्ती राखायला हालचाल कमी करतं. त्याला सांगायला दुसरा मार्ग नाही. म्हणून 28 आठवड्यांनंतर हालचाल कमी वाटली तर असं करा. हातातलं काम सोडा, डाव्या कुशीवर आडव्या व्हा आणि पुढचे दोन तास फक्त बाळाकडे लक्ष द्या. त्या दोन तासांत दहा वेगवेगळ्या हालचाली जाणवल्या नाहीत तर त्याच वेळी दवाखान्यात जा. हालचाल पूर्ण थांबली असं वाटत असेल तर हे दोन तासही घालवू नका, निघा. 28 आठवड्यांच्या आत असाल तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.

थंड पाणी प्यायचं, साखर तोंडात टाकायची आणि सकाळपर्यंत बघायचं, यात रात्र जाते. आणि वेळच तर हवा असतो. घरी ठोके ऐकायचं यंत्र आणलं असेल तर त्यावरही विसंबू नका. त्यात आईचे किंवा वारेतल्या रक्तप्रवाहाचे आवाजही येतात, आणि ठोके लागले म्हणजे बाळ ठीक आहे असं ठरत नाही. वाहन नसेल तर 108 किंवा 102 ला फोन करा.

दवाखान्यात ठोके ऐकतात, बीपी आणि पोटाची उंची मोजतात. पोटावर पट्टे लावून किमान वीस मिनिटं ठोक्यांचा आलेख काढतात. गरज पडली तर सोनोग्राफीत बाळाची वाढ, गर्भजल आणि रक्तप्रवाह बघतात. एकदा हालचाल कमी वाटून आलेल्या दहापैकी सातजणींचं बाळंतपण पुढे सुरळीत होतं. त्यामुळे "उगीच आले" अशी शरम वाटून घेऊ नका. सगळं ठीक निघून घरी पाठवलं आणि चार दिवसांनी पुन्हा तसंच वाटलं, तर पुन्हा जा. वारंवार कमी होणाऱ्या हालचालींकडे डॉक्टर अधिक बारकाईनं बघतात.

मिश्री किंवा तंबाखूची सवय असेल तर ती डॉक्टरांपासून लपवू नका. तिच्यामुळे बाळाकडे जाणारं रक्त कमी होतं. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात मोफत तपासणी असते, तिथे हे सगळं मोकळेपणानं विचारता येतं.

सातव्यात माहेरी जाणार असाल तर सगळी फाईल बरोबर न्या आणि तिथल्या डॉक्टरांकडे पहिल्याच आठवड्यात नाव घाला. रात्री कुठे जायचं, गाडी कोण काढणार, हे आईशी आधीच बोलून ठेवा. फोनवर "बरं वाटत नाही" एवढंच सांगू नका. कितवा आठवडा, बाळ एरवी कधी आणि किती हलतं, शेवटचं केव्हा हललं, आणि रक्त जातंय का, पाणी जातंय का, पोट दुखतंय का, हे सांगा. समोरच्याला तेवढ्यावरून तुम्हाला लगेच बोलावता येतं.