डोंगर चढताना तहान अंगावर काढू नका



या वेळी दवाखान्यातली नाही, डोंगरावरची गोष्ट सांगते. पण तिचा संबंध आपल्या घराशी, वस्तीशी आहे, म्हणून शेवटपर्यंत वाचा.

मागच्या डिसेंबरात आम्ही सात जणी साल्हेर-सालोट्याला गेलो. नाशिक जिल्ह्यातल्या सटाणा म्हणजे बागलाण तालुक्यात, गुजरातच्या सीमेजवळ हे दोन किल्ले शेजारी शेजारी उभे आहेत. साल्हेर १,५६७ मीटर उंच, महाराष्ट्रातला सर्वांत उंच किल्ला. वाघांबे गावातून चढले की दोन्ही किल्ल्यांमधली खिंड लागते. एका अंगाला सालोटा, दुसऱ्या अंगाला साल्हेर. दोन्ही माथे एका दिवसात करायचे तर पहाटे निघून अंधार पडायच्या आत गावात यावे लागते. वर दुकान नाही, दवाखाना नाही, फोनला रेंज मिळेलच असे नाही.

आमच्यात कुणी घरकाम करणारी, कुणी अंगणवाडी सेविका, कुणी शिक्षिका. सगळ्या कष्टाच्या, चालायची सवय असलेल्या. वाट दाखवायला गावातला एक दादा बरोबर होता.

सालोटा झाला. खिंडीत परत येऊन साल्हेरच्या कोरीव पायऱ्या चढू लागलो तेव्हा ऊन डोक्यावर आले होते. आमच्यातली सर्वांत बोलकी ताई एकदम गप्प झाली. दरवाजापाशी पोहोचताच मट्कन खाली बसली. डोके ठणकतेय, मळमळतेय, पोटऱ्यांत गोळे येताहेत, म्हणाली. मी तिला एकच विचारले, "ताई, लघवीला शेवटची कधी गेली होतीस?"

"पहाटे, निघताना."

तिची दोन लिटरची बाटली काढून पाहिली. जेमतेम चार घोट कमी झाले होते. का प्यायली नाहीस, म्हटले तर हळूच म्हणाली, "वर आडोसा कुठंय? शिवाय दादा बरोबर आहेत. म्हणून नाही प्याले."

चूक तिची एकटीची नव्हती. पाणी घ्या, असे मी सगळ्यांना बजावले होते. पण ते पिता की नाही, हे वाटेत एकदाही विचारले नव्हते. इतकी वर्षे नर्सचे काम करून मला हे सुचू नये, याची खंत वाटली.

दरवाजाच्या सावलीत तिला आडवे केले, पाय उंचावर ठेवले, बूट-मोजे काढले. ओढणी भिजवून मान, काखा, कपाळ पुसत राहिलो आणि वारा घातला. ओआरएस घोट घोट पाजले. पाऊण तासाने तिच्या चेहऱ्यावर तरतरी आली. तरी वर जायचे नाही, असे ठरवले. सगळ्याच माघारी फिरलो. साल्हेरचा माथा राहिला. एक-दोघींना वाईट वाटले, पण डोंगर कुठे जात नाही.

शरीरात काय होते?

चढताना शरीर तापते. घाम येतो, तो वाळतो आणि अंग थंड होते. घामातून पाण्याबरोबर मीठही जाते. पाणी भरून काढले नाही तर घाम कमी पडतो, रक्ताचा दाब उतरतो, चक्कर येते. थंडीच्या दिवसांतही असे होते, कारण गार वाऱ्यात घाम लगेच वाळतो आणि किती घाम गेला ते कळत नाही.

हे ओळखा

पहिली पायरी : डोकेदुखी, मळमळ, चक्कर, भरपूर घाम, पायांत गोळे, चिडचिड किंवा अचानक गप्प होणे. लगेच थांबा. सावली, आराम, ओला कपडा, ओआरएस. तासाभरात बरे वाटले नाही तर खाली उतरवून दवाखान्यात न्या. बरे वाटले तरी त्या दिवशी पुढे चढू नका.

दुसरी पायरी म्हणजे उष्माघात : असंबद्ध बोलणे, झोकांड्या जाणे, झटके, बेशुद्धी, अंग चटके बसावेत इतके गरम. घाम आहे की नाही, यावर जाऊ नका. हा जिवावरचा प्रसंग आहे. जवळ असेल ते सगळे पाणी अंगावर ओता, वारा घाला, १०८ ला फोन करा, रेंज नसेल तर एकाला गावाकडे पळवा. शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नका. तापाची गोळी इथे उपयोगाची नाही.

किती प्यायचे?

दिवसभराच्या चालीला माणशी तीन ते चार लिटर पाणी धरा. तहानेची वाट न पाहता दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन-तीन घोट घ्या. एकदम लिटरभर ढोसू नका. नुसतेच पाणी फार प्यायले तर रक्तातले मीठ कमी होते, तेही धोक्याचे. म्हणून चिक्की, फुटाणे, भाकरी-चटणी असे काहीतरी तासातासाने खा. ओआरएसचे एक लिटरचे पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच घाला. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ. टाक्यातले पाणी क्लोरीनची गोळी टाकून, गोळीच्या पाकिटावर लिहिलेला वेळ थांबूनच प्या.

लघवी फिकट पिवळी असेल तर पाणी पुरते आहे. गडद पिवळी झाली किंवा चार-पाच तास झालीच नाही, तर पाणी कमी पडते आहे.

निघण्याआधी कुणी सांगायचे?

रक्त कमी असेल तर तपासून घ्या. बाईचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली म्हणजे रक्त कमी. अशी बाई चढावर लवकर धापा टाकते, तिला आळशी म्हणू नका. सिकलसेलचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नका. दमणूक, थंडी आणि कमी पाणी यांनी वेदनेचा झटका येऊ शकतो. सिकलसेलचे वाहक एरवी ठणठणीत असतात, पण त्यांनीही पाणी तोडून जिवापाड श्रम करू नयेत. साखरेची किंवा रक्तदाबाची गोळी घेणाऱ्यांनी त्या दिवशीच्या डोसाबद्दल आधी विचारावे आणि साखर खिशात ठेवावी. पाळी चालू असेल तर बरोबरच्या एकीला तरी सांगून ठेवा.

उतरताना घाई नको. गुडघ्यांवर खरा भार उतारावरच येतो. पावले लहान टाका, गुडघा किंचित वाकलेला ठेवा, हातात काठी घ्या.

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा

फेब्रुवारीत पुन्हा गेलो, त्याच सात जणी. या वेळी तीन नियम केले. दर वीस मिनिटांनी सगळ्यात मागच्या बाईने "पाणी!" अशी हाक द्यायची. दर दोन तासांनी लघवीसाठी थांबायचे. दादा पुढच्या वळणावर जाऊन थांबतील आणि दोघी जणी ओढणीचा आडोसा धरतील. दादांना हे मी निघतानाच सांगितले. ते म्हणाले, "ताई, हे आधीच सांगायचं होतं की." तिसरा नियम, जी सर्वांत हळू चालते तिच्या चालीने सगळ्यांनी चालायचे.

गंगासागर तलावाजवळ भाकरी खाल्ली आणि वर परशुरामाच्या देवळापाशी सातही जणी पोहोचलो. समोर सालोटा आणि लांबवर मांगी-तुंगीचे सुळके दिसत होते. ताईची बाटली रिकामी होती, ते बघून मला जास्त आनंद झाला.

आता वस्तीचे. ताईला ही सवय डोंगराने लावली नव्हती. सार्वजनिक संडास लांब, रात्री दिवा नाही, कामाच्या घरी बाथरूम वापरू देत नाहीत, म्हणून आपल्या कितीतरी बाया दिवसभर पाणी तोडतात. लघवीची जळजळ, ताप, मुतखडा यांच्यामागे पुष्कळदा हेच असते. संडासासाठी आपण भांडतोच आहोत, भांडत राहू. पण आज घरातल्या प्रत्येक बाईला आणि मुलीला एक प्रश्न विचारा : आज किती पाणी प्यायलीस? उत्तर देताना ती लाजली, तर कारणही विचारा. आम्ही ते विचारले नव्हते, म्हणून अर्ध्या वाटेवरून परत यावे लागले.