समुद्राच्या तळाचा नकाशा

दिवाळीच्या सुट्टीत मी मामाकडे गेलो होतो. मामा अंधेरीजवळ वेसाव्याच्या कोळीवाड्यात राहतो. एके दिवशी तो समुद्रावरून आला तो गप्पच. जाळे पाण्याखालच्या खडकात अडकून फाटले होते. आजी म्हणाली, "खडक दिसला नाही का रे?" मामा म्हणाला, "आये, पाण्याखालचा काय दिसनार?"

शाळेत आल्यावर मी गुरुजींना विचारले. त्यांनी सांगितले ते आणि आम्ही केलेला प्रयोग येथे लिहीत आहे.

विहिरीत हाक मारली की ती परत ऐकू येते. त्याला प्रतिध्वनी म्हणतात. जहाजावरचे सोनार यंत्र अशीच हाक पाण्यात मारते. समुद्राच्या पाण्यात आवाज एका सेकंदात सुमारे १५०० मीटर जातो. समजा, हाक २ सेकंदांनी परत आली. म्हणजे जाऊन-येऊन ३००० मीटर झाले. त्याचे निम्मे करा. तळ १५०० मीटर खोल! खडकावरून हाक जोरात येते, मऊ चिखलावरून हळू येते. त्यावरून खाली काय असेल त्याचा अंदाज येतो.

प्रयोग : गुरुजींनी घमेल्यात गढूळ पाणी भरले व तळाला तीन दगड लपवले. आम्ही झाडूची काडी बुडवून ४ ठिकाणी खोली मोजली. नकाशात एकही दगड आला नाही. मग दोन-दोन बोटांवर मोजले. दोन दगड छान आले. तिसरा मात्र चुकला, कारण माझा धक्का लागून पाणी सांडले. सगळे हसले. गुरुजी म्हणाले, "हसू नका. समुद्रातही पाणी कमीजास्त होते."

म्हणून सोनारचे चित्र चांगले येण्यासाठी असे करतात :

१. एका हाकेऐवजी पंख्यासारख्या पसरणाऱ्या पुष्कळ हाका एकदम मारतात.
२. भरती-ओहोटीचा आणि जहाजाच्या हेलकाव्यांचा हिशेब धरतात.
३. पाणी किती गरम व किती खारट ते मोजतात. त्याने आवाजाचा वेग बदलतो.
४. तळाचा चिखल किंवा वाळू वर काढून खात्री करतात.

अशी कामे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था करते. ती १९६६ साली सुरू झाली. तिचे मुख्य ठिकाण गोव्यात दोना पावला येथे आहे आणि एक केंद्र अंधेरीतच आहे. तिच्या 'सिंधु साधना' जहाजावर पुष्कळ हाकांचे सोनार आहे.

मामाने मला अंधेरीची गिल्बर्ट टेकडी दाखवली होती. तो लाव्हारसाचा काळा खडक सुमारे ६१ मीटर उंच आहे. तो डोळ्यांनी दिसतो. समुद्रातला खडक मात्र कानांनी पाहावा लागतो.

मी मामाला पत्र लिहिले, की जाळे फाटले ती जागा वहीत लिहून ठेव. मामा म्हणतो, ती त्याला आता पाठ आहे. पण दुसऱ्या होडीवाल्याला ती कशी कळणार? म्हणून नकाशा पाहिजे.

घमेले वर्गात ठेवले आहे. पालकांनीही काडीने मोजून पाहावे. पाणी सांडू नये!

— इयत्ता चौथी