बीजमाता राहीबाई

देवळ्याच्या बाजारात तुम्ही कांद्याचे ढीग पाहिले असतील. अवेळी पाऊस आला, की हाच कांदा शेतात सडतो. कारखान्यांच्या आणि मोटारींच्या धुराने पृथ्वी तापत आहे, म्हणून पावसाचा नेम राहिला नाही. धूर सोडणारे दूर शहरांत असतात. नुकसान मात्र आधी कोरडवाहू शेतकऱ्यांचे आणि डोंगरातल्या आदिवासींचे होते. त्यांचे म्हणणे जगापुढे कोण मांडणार?

शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, अकोले तालुक्यात, कोंभाळणे गाव आहे. तेथील राहीबाई पोपेरे महादेव कोळी या आदिवासी समाजातल्या. त्या शाळेत गेल्या नाहीत. पण भात, वाल, घेवडा यांच्या गावठी बियाण्यांची त्यांना पक्की पारख आहे. असे बियाणे दरवर्षी विकत घ्यावे लागत नाही. राहीबाईंनी आपल्या घरातच बियाण्यांची बँक उघडली. अच्युतानंद द्विवेदी यांनी त्यांच्यावर अवघ्या तीन मिनिटांचा चित्रपट काढला. २०१९ साली फ्रान्समधील कान शहरात त्याला तिसरे बक्षीस मिळाले. २०२० साली राहीबाईंना पद्मश्री जाहीर झाली.

येथे कॅमेरा दुसऱ्याच्या हाती होता. तेलंगणात जहिराबादजवळच्या पस्तापूर भागातील गरीब दलित शेतकरी स्त्रियांनी तो स्वतःच हाती घेतला. त्यांतल्या कित्येकींना लिहिता-वाचता येत नव्हते! बियाणे आणि शेती यांवर त्यांनी चित्रपट तयार केले. २००८ साली त्यांचे रेडिओ केंद्रही सुरू झाले. मला हे पाऊल अधिक मोठे वाटते, कारण काय दाखवायचे हे त्याच ठरवू लागल्या.

तुमच्या दादीला किंवा नानीला विचारा, पूर्वी घरात बाजरीचे बियाणे कशात ठेवत असत?