टाकीचा उच्छ्वास

मैल्याच्या टाकीला दोन वाटा असतात, हे सर्वांस ठाऊक असते : एक आत येण्याची, दुसरी बाहेर जाण्याची. तिसरी वाट मात्र घर बांधताना सर्वांत शेवटी आठवते आणि पैसा अपुरा पडला की सर्वांत आधी गाळली जाते. ती वायूची वाट होय. ग्रंथांतून तिला 'वायुवीजन नळी' म्हणतात; गवंडी तिला 'गॅस पाइप' म्हणतात. आम्हीही येथे गवंड्यांचाच शब्द वापरू, कारण काम त्यांच्याच हातून व्हावयाचे आहे.

या पाइपाचे कार्य पाहावयाचे असेल, तर पाश्चात्त्य देशांतील 'कॅम्पर' हे चाकांवरचे फिरते घर डोळ्यांपुढे आणावे. त्याच्या तळाशी शौचकूपाची बंद टाकी असते. मुक्कामाच्या जागी तिची झडप उघडीपर्यंत तीतून थेंबही बाहेर जात नाही. अशा टाकीत पाच लिटर पाणी शिरले की पाच लिटर वायूला बाहेर पडावेच लागते. त्याला छतावर वाट नसेल, तर तो शौचकूपाच्या भांड्यातूनच वर येणार. म्हणून टाकीच्या माथ्यापासून भिंतीच्या आतून छतापर्यंत पाइप नेतात, त्यावर पावसाची टोपी बसवितात आणि छिद्राभोवतीची फट लवचीक लुकणाने बुजवितात. एवढे करूनही कधीकधी दुर्गंधी सुटते. कारण बहुधा साधे असते : गाडीच्या हादऱ्यांनी पाइप खाली सरकतो आणि टाकी भरत आली की त्याचे तोंड मैल्यात बुडते. पाइप जागेवर दिसतो, पण त्याची वाट बंद झालेली असते. स्नानगृहातील वारा ओढणारा पंखा चालू असताना भांड्याची झडप उघडली, तर तो पंखा टाकीतील वायू घरातच ओढून घेतो, हेही तेथील प्रवाशांना अनुभवानेच कळते.

आपल्याकडील सेप्टिक टाकी जमिनीत असते आणि तिच्यात जेवढे पाणी येते, जवळजवळ तेवढेच दुसऱ्या टोकाने निघून जाते. तेव्हा येथे पाइपाची गरज नाही, असे कोणास वाटेल. पण ही टाकी स्वतःच वायू निर्माण करीत असते. प्राणवायूविना जगणारे जीवाणू मैल्याचे विघटन करतात आणि त्यातून मिथेन, कार्बन डायऑक्साइड व थोडा हायड्रोजन सल्फाइड निघतो. हा वायू उपयोगीही पडतो : १८९५ च्या सुमारास इंग्लंडमधील एक्झिटर येथे डोनाल्ड कॅमेरॉन यांनी टाकीतील वायूवर दिवे लावले, आणि मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठाश्रमात १८९७ मध्ये तो इंधन म्हणून वापरण्याचा प्रयोग झाला. तो साठविण्याची सोय नसेल, तर मात्र त्याला माणसांच्या डोक्यांवरून वर सोडून देणे एवढाच मार्ग उरतो.

पाइपातून वायू वर कसा चढतो? मिथेन हलका असतो, उन्हाने पाइप तापतो, ही दोन्ही कारणे खरी. परंतु मुख्य काम वारा करतो. पाइपाच्या तोंडावरून वारा वाहू लागला की तेथील दाब घटतो आणि आतील हवा वर ओढली जाते. १९७० च्या दशकात तेव्हाच्या ऱ्होडेशियात पीटर मॉर्गन यांनी खड्ड्याच्या शौचकूपाला असाच उंच पाइप जोडून दुर्गंधीस आळा घातला. त्याच्या तोंडावरील जाळीत उजेडाकडे धावणाऱ्या माश्या अडकून मरत, हा आणखी एक लाभ. पाइपाचे तोंड वाऱ्यात असले पाहिजे, ही अट येथूनच निघते.

भिलाईच्या पोलाद कारखान्याला पाणी पुरविणाऱ्या जलाशयामुळे मरोदा हे नाव परिचित आहे. तेथील आमच्या एका परिचितांचे घर प्रथम एकमजली होते. टाकी मागील अंगणात, भिंतीला लागून. पाइप गच्चीच्या वर निघालेला. पुढे मुलाच्या लग्नाआधी वरचा मजला चढला आणि जुन्या पाइपाचे तोंड नव्या शयनगृहाच्या खिडकीखाली हातभर अंतरावर आले. मे महिन्यात रात्री खिडकी उघडी ठेवल्यावाचून झोप येत नाही. नव्या सुनेला येणारी मळमळ इतर कारणांवर ढकलली गेली. दोन महिने कोणीही खिडकीबाहेर वाकून पाहिले नाही. भारतीय मानक २४७० चे या बाबतीतले सांगणे स्पष्ट आहे : पाइपाचा व्यास किमान ५० मिलिमीटर असावा, टाकी इमारतीपासून १५ मीटरांच्या आत असल्यास पाइप इमारतीच्या माथ्याहून २ मीटर उंच न्यावा. घर वाढले की पाइपही वाढला पाहिजे.

बसविताना पाइपाचे खालचे टोक झाकणाच्या स्लॅबच्या तळाशी सपाट ठेवावे. ते मैल्यावरच्या सायीत बुडू देऊ नये. स्लॅबमधून छिद्र पाडून गच्चीवर नेण्यापेक्षा बाहेरच्या भिंतीला क्लॅम्पांनी जखडून वर नेणे बरे, कारण छिद्राभोवतीचा गिलावा पावसाळ्यात हटकून गळतो. आडवा तुकडा टाळता येत नसेल, तर त्याचा उतार टाकीकडे द्यावा, म्हणजे आत साचणारे दव परत टाकीत जाईल. तोंडाला डास न शिरतील अशी जाळी लावावी आणि वर्षातून एकदा कोळ्यांची जाळी व गांधीलमाश्यांची घरटी काढावीत.

पाइप ओढतो की नाही हे पाहण्यासाठी काडी किंवा उदबत्ती कदापि पेटवू नये, मिथेन भडकतो. पातळ कागदाची पट्टी दोऱ्याने तोंडाशी लोंबती धरावी. वारा नसताना ती वर उचलली जात असेल, तर वाट मोकळी आहे.

पाइप नीट असला म्हणजे टाकीत उतरण्यास हरकत नाही, असा समज मात्र जीवघेणा आहे. हायड्रोजन सल्फाइड हवेहून किंचित जड असल्याने तळाशी रेंगाळतो, आणि त्याचे प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. वास येईनासा झाला म्हणजे धोका टळला असे नव्हे. २०१३ च्या कायद्याने टाकीची धोकादायक सफाई माणसाकडून करून घेण्यास बंदी आहे. टाकी भरली की झाकण उघडून यंत्राची नळी आत सोडावी आणि माणसे व मुले काठापासून दूर उभी करावीत.