आगपेट्यांपासून आगगाडीपर्यंत : सर आदमजी पीरभाई

ज्या संस्था दानावर उभ्या राहतात, त्यांच्या महोत्सवप्रसंगी दात्यांचे स्मरण करण्याचा प्रघात आहे. परंतु नुसत्या स्मरणाने काम भागत नाही. धन मिळविले कसे, खर्चिले कसे आणि त्यामुळे समाजाचे काय झाले, हेही तपासले पाहिजे. या दृष्टीने सर आदमजी पीरभाई यांचे चरित्र अभ्यासण्याजोगे आहे.

बालपण व व्यापार

आदमजींचा जन्म १८४५च्या सुमारास काठियावाडातील एका गरीब दाऊदी बोहरा कुटुंबात झाला. लहान वयात ते मुंबईस आले आणि रस्त्यावर आगपेट्या विकू लागले. भांडवल नाही, विद्येचे पाठबळ नाही. होती ती चिकाटी आणि शब्दाची सचोटी. पुढे लष्कराला तंबू पुरविण्याचे काम त्यांना मिळाले आणि त्यांचे नशीब उघडले. धारावीत त्यांनी कातडी कमावण्याचा मोठा कारखाना चालविला. तेथून सैन्यासाठी बूट व इतर सामान तयार होऊन जाई.

लोककार्य व राजकारण

पैसा आला, तसा तो बाहेरही जाऊ लागला. मुंबईत चर्नी रोडवरील त्यांचे आरोग्यभवन प्रसिद्ध होते. १८९७ साली, मुंबई प्लेगने हवालदिल झाली असताना, ते शहराचे शेरीफ होते. १९०७ साली त्यांना 'सर' हा किताब मिळाला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात कराचीस भरलेल्या मुस्लिम लीगच्या पहिल्या वार्षिक अधिवेशनाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले.

माथेरानची गाडी

माथेरानला जायचे तर पूर्वी नेरळहून पायी, घोड्यावर किंवा डोलीत जावे लागे. आदमजींचे पुत्र अब्दुल हुसेन यांनी हा डोंगर रुळांनी जिंकण्याचे मनावर घेतले. १९०४ साली काम सुरू झाले आणि १९०७च्या मार्चमध्ये गाडी धावली. सुमारे २० किलोमीटरच्या या मार्गास १६ लाखांच्या आसपास खर्च आला. रुळांमधील अंतर अवघे दोन फूट. चढ कोठे कोठे वीस फुटांस एक फूट, म्हणजे वीस फूट पुढे जावे तेव्हा गाडी एक फूट वर चढते. सरळ चढणे अशक्य, म्हणून वळणे घेत घेत वर जायचे.

आपणा इंदूरकरांस हे नवल वाटू नये. १८७० साली महाराज तुकोजीराव होळकर (दुसरे) यांनी एक कोटी रुपयांचे कर्ज देऊन खंडवा-इंदूर रेल्वेचा मार्ग मोकळा केला. पातालपाणीचा घाट पाहिला म्हणजे देशी पैशाने काय साधते, ते मुलांनाही कळते.

दुसरी बाजू

मास्तराने फक्त स्तुती शिकवू नये. आदमजींचे वैभव परक्या राज्यकर्त्यांच्या सैन्यास माल पुरविण्यातून आले, हे लपविण्याचे कारण नाही. ज्या पक्षाच्या अधिवेशनाचे ते अध्यक्ष झाले, त्याच्या मागणीनुसार १९०९च्या कायद्याने स्वतंत्र मतदारसंघ आले. पुढे १९४७ साली देशाची फाळणी झाली. आदमजी १९१३ सालीच निवर्तले. हे सारे त्यांच्या माथी मारणे न्यायाचे नाही. पण शेजाऱ्यापासून वेगळे होऊन आपले हित साधेल काय, हा प्रश्न आपण स्वतःस विचारलाच पाहिजे. माझ्यापुरते उत्तर असे की, माथेरानच्या गाडीत बसताना कोणी कोणाची जात-जमात विचारीत नाही. जे काम सर्वांच्या उपयोगी पडते, तेच अखेर टिकते.

आपल्या ट्रस्टची देणगी पाच रुपयांची असो वा पाच हजारांची, तिचा हिशेब याच मापाने व्हावा.

मुलांनी घरी विचार करावा असे प्रश्न

१. आदमजींना भांडवल नसताना कोणत्या गुणांचा उपयोग झाला?
२. वीस फुटांस एक फूट या चढाने शंभर फूट उंची गाठण्यास किती लांब रूळ लागतील?
३. आपल्या मोहल्ल्यात सर्वांच्या उपयोगी पडेल असे कोणते एक काम तुम्ही सुचवाल?