अल्पमोली नेटवर्क कार्डे आणि खोडदची दुर्बीण

शाळा असो, तहसील कचेरी असो वा ग्रामपंचायत, तेथील संगणक परस्परांशी जोडण्याचे काम नेटवर्क कार्ड हे लहानसे उपकरण करते. गिगाबिट कार्ड सेकंदाला एक अब्ज बिट, म्हणजेच साडेबारा कोटी बाइट इतकी माहिती वाहून नेते, असे त्याच्या वेष्टनावर छापलेले असते. तांब्याच्या तारांवरून हा वेग साधण्याचे मानक १९९९ साली निश्चित झाले आणि पुढे ही कार्डे सामान्य संगणकाच्याही आवाक्यात आली. अशा अल्पमोली साधनांवर किती भार टाकता येतो, याचे उत्तम उदाहरण पुणे जिल्ह्यातच आहे.

खोडदचा अनुभव

जुन्नर तालुक्यातील खोडद येथे महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण आहे. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ती उभी राहिली. पुणे येथील राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र तिचे संचालन करते. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांनी टिपलेले संकेत एकत्र आणून प्रत्येक तबकडीचा संकेत इतर प्रत्येकीच्या संकेताशी ताडून पाहावा लागतो. अशा जोड्या ४३५ होतात.

हे काम बाजारात सहज मिळणाऱ्या साधनांवर करणारी यंत्रणा येथील शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांसह उभारली. तिचे वर्णन २०१० साली प्रसिद्ध झाले. लिनक्स प्रणालीवर चालणारे ४८ संगणक आणि त्यांना जोडणाऱ्या दुहेरी गिगाबिट जोडण्या हा तिचा कणा होता. ३३ मेगाहर्ट्झ रुंदीच्या एका संकेतासाठी सेकंदाला किमान ६ कोटी ६० लाख नमुने घ्यावे लागतात. एका नमुन्यास एक बाइट धरला तर एका गिगाबिट जोडणीवर असे दोन संकेतही मावत नाहीत. तबकड्या तीस आणि प्रत्येकीचे संकेत दोन. म्हणून एकच महागडी वाट न शोधता भार अनेक स्वस्त वाटांवर विभागण्यात आला. पुढे संकेताची रुंदी ४०० मेगाहर्ट्झपर्यंत वाढविताना मात्र अधिक वेगवान जोडण्या घ्याव्या लागल्या. स्वस्त साधनाचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा या दोन्ही गोष्टी येथे स्पष्ट होतात.

छापील वेग आणि प्रत्यक्ष वेग

कार्डाचा वेग एकट्या कार्डावर अवलंबून नसतो. जुन्या संगणकांतील ३२ बिटांच्या पीसीआय मार्गाची क्षमता सेकंदाला सुमारे १३ कोटी ३० लाख बाइट एवढीच होती आणि त्या मार्गावरील सर्व उपकरणे ती वाटून घेत. गिगाबिट कार्ड एकाच वेळी माहिती पाठवू आणि घेऊ लागले, तर त्याला याच्या जवळजवळ दुप्पट क्षमता लागते. पीसीआय एक्स्प्रेस या नव्या मार्गाच्या पहिल्या आवृत्तीतील सर्वांत लहान जोडणीवरही प्रत्येक दिशेस सेकंदाला २५ कोटी बाइट मिळतात. त्यामुळे ही अडचण तेथे उरत नाही.

ड्रायव्हरचे महत्त्व

कार्ड आणि संगणकाची कार्यप्रणाली यांच्यातील दुभाषा म्हणजे ड्रायव्हर ही आज्ञावली. माहिती लहान लहान पाकिटांतून येते. गिगाबिट वेगाने पूर्ण आकाराची सुमारे ८१ हजार पाकिटे सेकंदाला येऊ शकतात. पाकिटे सर्वांत लहान असतील तर ही संख्या १४ लाखांवर जाते. प्रत्येक पाकिटागणिक कार्डाने प्रोसेसरला हाक मारली, तर त्याचा बराचसा वेळ हाकेला ओ देण्यातच जाईल. चांगला ड्रायव्हर अनेक पाकिटे साठवून एकाच हाकेत सुपूर्द करतो. पाकिटातील चुका तपासण्याचे कामही, कार्डात तशी सोय असल्यास, तो कार्डाकडेच सोपवितो. स्वस्त कार्डात अशा सोयी कमी असल्या, तर तो भार प्रोसेसरवर पडतो.

ड्रायव्हर कोठून मिळतो, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. रियलटेक कंपनीच्या अनेक गिगाबिट चिपांसाठीचा ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यातच समाविष्ट आहे. त्याची आज्ञावली सर्वांना खुली असल्याने उत्पादकाने लक्ष काढून घेतले तरी तिची देखभाल चालू राहू शकते. केवळ कार्डासोबतच्या तबकडीवर मिळणारा ड्रायव्हर कार्यप्रणाली बदलताच निरुपयोगी ठरण्याचा संभव असतो. मग सुस्थितीतील कार्डही अडगळीत पडते आणि सार्वजनिक पैसा वाया जातो.

खरेदीपूर्वी

खरेदी करणाऱ्या कार्यालयांनी काही बाबी आधीच तपासून घ्याव्यात. कार्डाच्या नावापेक्षा त्यावरील चिपेचा क्रमांक पाहावा आणि आपल्या कार्यप्रणालीत तिचा ड्रायव्हर आहे की नाही याची खात्री करावी. संगणकात योग्य मार्गाची खाच हवी. तार व स्विच ही दोन्ही गिगाबिट क्षमतेची असावीत. तारेतील चारही जोड्या जोडलेल्या असाव्यात व तिची लांबी १०० मीटरच्या आत असावी. मोठ्या संख्येने खरेदी करण्यापूर्वी एक कार्ड बसवून, मोठी फाइल पाठवून प्रत्यक्ष वेग मोजावा.

गावात येणारी इंटरनेट जोडणी १०० मेगाबिटांची असेल, तर गिगाबिट कार्डामुळे तिचा वेग वाढणार नाही. कार्यालयातील संगणकांची आपापसातील देवाणघेवाण मात्र वेगवान होईल. गरज आधी मोजावी आणि साधन नंतर निवडावे. खोडदच्या प्रयोगशाळेत हे सूत्र उपयोगी पडले आणि लहान ग्रामपंचायतीच्या कचेरीलाही ते तितकेच लागू आहे.